हरणीची संथ धाव

फार वर्षांपूर्वी माळावरचं तळं आटू लागलं, तेव्हा हरणांचा कळप दूरच्या नदीकडे निघून गेला. पाय दुखावलेली एक हरणी तेवढी मागे राहिली. पाय बरा झाल्यावर ती दोनदा नदीकडे निघाली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत धाप लागून परतली. आता तळ्यात नुसता चिखल उरला होता.

पुन्हा निघाली त्या पहाटे तिला धनगरांनी सोडून दिलेली म्हातारी घोडी भेटली. तीही नदीकडेच चालली होती.

"काकू, मी होते पुढे," म्हणत हरणीनं झेप घेतली.

"मागे लांडगा लागलाय का गं?"

"नाही."

"मग अशी का पळतेस?"

हरणी थबकली. "आम्ही लांडगा मागे लागला तरच पळतो. हळू पळायला कुणी शिकवलंच नाही."

"माझ्याशी बोलत बोलत पळ. शब्द तुटायला लागले की पाय आवर."

ते फार अवघड गेलं. पाय सारखे उसळी घ्यायचे आणि ती हट्टानं त्यांना आवरायची.

"हिच्यापेक्षा म्हैस बरी," वरून टिटवी ओरडली.

हरणीनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती घोडीला आपल्या भांडखोर मावशीची हकिकत सांगत राहिली. ऊन चढलं. ती पूर्वी जिथून परतली होती, तो बांधही मागे पडला. अखेर नदी दिसली.

"आता मार हव्या तेवढ्या उड्या," घोडी म्हणाली.

"नदी कुठे पळून चाललीय, काकू?" असं म्हणून हरणी त्याच चालीनं पाण्यात उतरली.