साक्षीला चंद्र

वझे सरांना जुनी नाटकं तोंडपाठ होती, निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. वर्गात पुस्तक उघडणं त्यांना कमीपणाचं वाटे. सोमवारी त्यांनी अभ्यासाला असलेल्या नाटकावरचा गृहपाठ फळ्यावर लिहिला आणि खड्या आवाजात वाचून दाखवला: ‘“महाराज, चंद्र साक्षीला आहे!” हे वाक्य कोण, कोणास व केव्हा म्हणाले?’ वर बजावलं, ‘ज्याचं चुकेल त्यानं अख्खं नाटक उतरवून काढायचं. आणि फळा कुणी पुसायचा नाही!’

नववीतल्या हेमांगीनं नाटक तीनदा वाचलं. चंद्राचा कुठे पत्ताच नाही! सगळे प्रवेश भर दुपारी घडत होते. आपल्या प्रतीतलं एखादं पान गळलं असेल म्हणून तिनं मैत्रिणीची प्रत आणली, तर तिच्यातही तेच. आईनंही शोधून पाहिलं आणि हात टेकले. बरं, सर चुकले म्हणायची सोय नव्हती आणि पुस्तक तर समोर होतं. हेमांगीचं डोकं पार भंजाळून गेलं.

मंगळवारी निम्म्या वर्गानं ते वाक्य राणीच्या तोंडी घातलं, उरलेल्यांनी प्रधानाच्या. हेमांगी उभी राहिली आणि वाचू लागली, ‘हे वाक्य वझे सर नववीच्या वर्गास, सोमवारी तिसऱ्या तासाला म्हणाले.’

सर लालबुंद झाले. ‘आधार काय याला?’

‘पुस्तकात नाही सापडला, सर. फळ्यावर आहे. तुमच्याच अक्षरात.’

सरांनी स्वतःच डस्टर उचललं.