रुमालाखालचे ताट

एकदा एका पेठेच्या गावात एक वृद्ध ख्रिस्ती उपदेशक राहत होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्याकडे अब्नेर नावाचा एक तरुण शास्त्र शिकायला येई. अब्नेर हुशार होता, आणि खरे सांगायचे तर तीच गुरुजींची डोकेदुखी होती.

शुभवर्तमान त्याला मुखोद्गत होते. कोणी कोणता आक्षेप घेतला तर कोणते उत्तर द्यावे, हे त्याने झोपेतही सांगितले असते. गुरुजींच्या ओसरीवर बसून तो असा बोले, की समोरच्या खांबालाही पाझर फुटावा. पण ओसरीची पायरी उतरला की याची वाचा बसे. बाजारात कोणी सहज विचारले, "काय रे, तुमच्या शास्त्रात आहे तरी काय?" तर हा म्हणे, "चांगलंच आहे," आणि कोथिंबिरीचा भाव विचारू लागे.

"घाबरलास ना?" गुरुजी विचारीत.

"छे, गुरुजी. तयारी अजून पूर्ण व्हायची आहे."

ही तयारी गुरुजी वर्षानुवर्षे ऐकत आले होते. तेवढ्या अवधीत अब्नेरच्या बरोबरीच्यांची लग्ने होऊन त्यांची पोरे शाळेत जाऊ लागली होती.

अब्नेरच्या घरासमोर भांड्यांचा व्यापार करणारे एक शेठजी राहत. त्यांनी अब्नेरला लहानपणी कडेखांद्यावर खेळवले होते. त्या वर्षी उन्हाळ्यात शेठजींची एकुलती एक मुलगी तापाने गेली. तेव्हापासून शेठाणीबाई बोलेनाशा झाल्या. वेळेवर स्वयंपाक करीत, देवापुढे दिवा लावीत, आणि मग दाराआड बसून राहत. दिवाळीत त्या घरी कढई चढली नाही. दुःखातल्या घरी फराळ करीत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. तसा तो आला, आणि डब्यात तसाच पडून राहिला.

दिवाळी सरल्यावर एके दिवशी शेठजींनी अब्नेरला दुकानात बसवून घेतले.

"अब्नेर, तुझा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला, त्याला माती देऊन परत येताना तुझी आई गाणं म्हणत होती. मी इथून ऐकलं. तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण ती सावरली रे, माणसांत राहिली. आमच्या हिच्या तोंडून अजून शब्द फुटत नाही. तुमच्याकडे असं काय आहे, सांगशील?"

यापेक्षा सरळ प्रश्न माणसाला जन्मात दुसरा विचारला जात नाही. इतकी वर्षे केलेली तयारी याच क्षणासाठी होती ना? आणि अब्नेर काय म्हणाला? म्हणाला, "आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज बरे आहेत, काका." एवढे बोलून तो उठला, आणि त्या दिवसापासून दुकान टाळून मागच्या बोळाने जाऊ लागला.

हे सारे त्याने स्वतःच गुरुजींना सांगितले, तेही सल्ला विचारण्याच्या थाटात. गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, तहानलेला माणूस पाणी मागतो, आणि तू त्याला आमचा माठ छान आहे म्हणून सांगतोस?"

"पण गुरुजी, लोक म्हणतील, दुःखाचा फायदा घेऊन बाटवायला आला. आणि शेठजींनी तोंडावर नको म्हटलं तर? एवढा घरोबा तुटायचा."

"म्हणू दे की नको! नको म्हणायचं की हो म्हणायचं, ते त्यांचं काम आहे. तू आपलं काम करत नाहीस ते नाहीसच, वर त्यांच्या वाटचं कामही परस्पर उरकून टाकतोस!"

अब्नेरने मान डोलावली. "फार मार्मिक बोललात, गुरुजी," असे म्हणाला, नमस्कार केला आणि मागच्या बोळानेच घरी गेला. अशा शिष्याला मारावे की पुजावे, हे ज्याला ठाऊक असेल त्याने गुरुजींना अवश्य कळवायला हवे होते.

नाताळ आला. त्या गावातल्या ख्रिस्ती घरांची रीत अशी, की करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांची ताटे क्रोशाच्या रुमालाने झाकून शेजाऱ्यांकडे पोचवायची. आणि शेजाऱ्यांची रीत अशी, की ताट रिकामे परत पाठवायचे नाही; निदान मूठभर साखर तरी घालायची. सकाळी गुरुजींनी आपल्या हातांनी एक पितळी ताट झाकले आणि अब्नेरकडे दिले.

"हे शेठजींना नेऊन दे. रुमाल त्यांनाच काढू दे."

ताट मुळातच जड आणि खोलगट होते, रुमालही काठाला ताणून बसवला होता, त्यामुळे अब्नेरला कसलीच शंका आली नाही. फराळ द्यायचा, बोलायचे काही नाही, या विचाराने तो उलट खुशीतच गेला. शेठजींनी ताट घेतले, रुमाल काढला, आणि ते बघत राहिले.

ताटात काहीही नव्हते. घासून पुसून लख्ख केलेले, पण रिकामे.

भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे रिकामे ताट, तेही ज्या घरातून लेक गेली त्या घरी! शेठजींनी रुमाल हळूच परत घातला. "घाईत राहिलं असेल," ते म्हणाले. दाराआडून शेठाणीबाईंनी हे पाहिले आणि त्या आत निघून गेल्या.

अब्नेर तडक ओसरीवर आला. रागाने त्याचा आवाज चिरकला होता. "गुरुजी, ही कसली थट्टा? त्या घरी रिकामं ताट? धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला!"

"झालं ना? मग त्या दिवशी दुकानातून उठताना का नाही झालं?" गुरुजींचाही आवाज चढला. "शेठजींनी तुझ्यापुढे आपलं रिकामं ताट धरलं होतं. तू त्यात काही घातलं नाहीस, वरून नुसता गोड बोलण्याचा रुमाल टाकलास. आज मी तेवढंच केलं. शेठजींची क्षमा मी स्वतः जाऊन मागेन, पाय धरीन त्यांचे. पण माझा अपराध आज सकाळचा आहे. तुझा कधीपासूनचा, ते तूच बघ."

अब्नेर खाली बसला. गुरुजी थोडे निवळले.

"हे बघ, भीती मलाही वाटते. अजून ही पायरी उतरताना छातीत धडधडतं. ती जाईल तेव्हा जाईल. तू ती जाण्याची वाट बघत बसलास, आणि ती माउली तिकडे एका शब्दाची वाट बघते आहे. कुणाचा धर्म बदलायला मी तुला पाठवत नाही. विचारलंय त्याचं उत्तर दे. नाही पटलं तर फराळ खातील."

"पण काय सांगू?"

"आता हेही मीच सांगू? ती आक्षेपांची उत्तरं आधी इथे ठेव. शेठजींनी आक्षेप घेतलेलाच नाही. तुझी आई काय म्हणाली होती, ते सांग."

गुरुजींनी आतून दुसरे ताट आणले. हे काठोकाठ भरलेले होते.

अब्नेर ते ताट घेऊन पुन्हा शेठजींच्या दारात आला. ते खाली ठेवून तो समोर बसला.

"काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. आवाजाचं काही नव्हतं. मी आईला विचारलं होतं, रडायचं सोडून गातेस कशी? ती म्हणाली, रडतेच आहे रे. पण येशू आपल्या मित्राच्या कबरेपाशी स्वतः रडला. तो मला रडू नको म्हणत नाही, माझ्याशेजारी बसून राहतो. आणि येशू स्वतः मेल्यावर कबरेतून उठला, म्हणून माझं पोर त्याच्या हाती आहे, हरवलेलं नाही." त्याने शेठजींकडे पाहिले. "तिला एवढंच ठाऊक आहे, काका. मलाही एवढंच."

शेठजी हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे पुसले, आणि अब्नेर त्यांच्याशेजारी बसून राहिला. अब्नेर उठू लागला तेव्हा शेठाणीबाई दाराआडून बाहेर आल्या. त्यांनी फराळ डब्यात काढून घेतला, रिकाम्या ताटात ओंजळभर साखर घातली आणि ते अब्नेरच्या हाती दिले.

"आईला म्हणावं," त्या म्हणाल्या, "एकदा माझ्यापाशी येऊन बस."

अब्नेरने ते ताट गुरुजींपुढे ठेवले आणि घडले ते सांगितले. गुरुजींनी चिमूटभर साखर तोंडात टाकली.

"आणि तयारी? पूर्ण झाली?"

"नाही, गुरुजी."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "आधी जाऊन आईला निरोप दे."