चाक, रिमोट आणि हरबाचं ‘बरं’

गव्हाळी नावाच्या एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा हा शब्द लोक तोंडावर वापरायचे. पाठीमागे दुसरा होता, आणि त्याची आई तो तोंडावरच वापरायची. नाव हरबा. अंगात ताकद होती, मनात पाप नव्हतं. खोट एवढीच की सांगितलेलं सगळं तो ऐकायचा आणि ऐकलेलं सगळं करायचा. शाळेत गुरुजी म्हणाले होते, कविता पाठ कर. ह्याने पुस्तक भिंतीला टेकवून उभं केलं आणि तास संपेपर्यंत त्याच्याकडे पाठ केली.

त्याच गावात तात्या खराडे राहायचे. उभा जन्म घाटात एस.टी. चालवून निवृत्त झालेले. घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा पुण्याच्या मुलाने त्यांना टीव्हीवर खेळायची गाड्यांच्या शर्यतीची गेम आणून दिली. टेबलाला खरंखुरं चाक बसवलं, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलेटर. तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी खाकी शर्ट घालायचे, चाकाला नमस्कार करायचे आणि शर्यतीला बसायचे. वळण आलं की तोंडाने हॉर्न वाजवायचे. मागच्या गाड्यांना हात दाखवून पुढे जाऊ द्यायचे. नंबर नेहमी शेवटचा यायचा, पण आपली गाडी कधी उलटली नाही, ह्याचं समाधान मोठं होतं.

ही गेम हातातल्या रिमोटवर खेळणारी माणसं तात्यांना चालत नसत. “दोन अंगठ्यांनी उवा मारत्यात,” ते म्हणायचे. “गाडीचं वजान बुडाला कळाय पायजे. अंगठ्याला काय डोंबल कळतंय?”

तात्यांची मुलगी शेवंता. ती एकदा गहू घेऊन गिरणीत आली. मागच्या दळणात खडा लागला होता, आता डोळ्यांत तेल घालून दळा, असं तिने बजावलं. हरबा “बरं” म्हणाला. थोड्या वेळाने बघते तर हा दोन्ही डोळे मिटून भिंत चाचपतोय, आणि शेजारी करडईच्या तेलाची बाटली. शेवंताने त्याचे डोळे धुतले. धुताना तिला हसू आलं, आणि हसताना तिचा जीव त्याच्यावर जडला. जन्मात कुणी तिचं इतकं ऐकलं नव्हतं.

तात्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आदळआपट केली नाही. हरबाला बोलावून अट घातली. येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसून चाकावर एक शर्यत खेळायची. नंबर कितवाही येवो. फक्त गाडी उलटता कामा नये. उलटली, तर शेवंताचं नाव काढायचं नाही.

हरबा “बरं” म्हणाला. पण त्याने जन्मात चाक धरलं नव्हतं. आणि शेवंता तर त्याला हवी होती. इतकी हवी होती की त्या काळजीत तो गव्हावर बाजरी दळून बसला, आणि बायकांनी गिरणीवर मोर्चा आणला.

त्याचा चुलतभाऊ जालिंदर तालुक्याला स्टँडमागे गेमचं दुकान चालवायचा. तिथे रिमोट होते आणि चाकंही होती. हरबा गेला, तेव्हा चाकावर गिऱ्हाईक होतं. जालिंदरने त्याच्या हातात रिमोट दिला. म्हणाला, तोवर यावर बघ. अंगठा दाबायचा नाही. हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे. लोण्यावरून फिरवल्यासारखा.

हरबा “बरं” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईने त्याला रेशनला पाठवलं. दुकानदाराने अंगठा टेकवायचं यंत्र पुढे केलं. हरबाने ते ओळखलं. दोन्ही हातांत घट्ट धरलं, पाय रोवले आणि अंगठा हळूच डावीकडे नेला. मग हळूच उजवीकडे. यंत्र ओरडलं. दुकानदारही ओरडला. मागची रांग दुकानाबाहेर गेली.

“आरं, अंगठा दाब की,” दुकानदार म्हणाला.

“दाबला की गाडी उलटंल,” हरबा म्हणाला. “मग तुम्ही पोरगी देताय का?”

दुकानदाराला मुलगीच नव्हती. त्याने यंत्र ओढून घेतलं आणि हरबा रिकामी पिशवी घेऊन घरी आला. आईने त्याला तो दुसरा शब्द वापरला.

जालिंदरने कपाळावर हात मारला. “लेका, ते तिथलं हुतं. तू इथं केलंस.” मग त्याने हरबाला चाकावर बसवलं आणि शर्यतीचं मर्म सांगितलं. आत शिरताना हळू, अगदी हळू. बाहेर पडताना सुसाट. वळण असंच घ्यायचं असतं. जे घाईने शिरतात, तेच उलटतात.

हरबा “बरं” म्हणाला.

त्याच संध्याकाळी तात्यांनी त्याला चहाला बोलावलं. शर्यतीआधी माणूस तरी बघून घ्यावा, असा विचार. हरबा फाटकाशी आला आणि हळू झाला. एक पाऊल टाकलं, थांबला. दुसरं टाकलं, डावीउजवीकडे बघितलं. तात्या दारात स्वागताला उभे होते. ते उभ्याचे बसले. शेवंताने चहा ठेवला, गाळला, तो गार झाला, पुन्हा गरम केला. हरबा अजून तुळशीपाशी होता. शेजारच्या बायकांना वाटलं, पोराला काहीतरी चावलंय.

शेवटी तो आत आला. चहा प्याला. चांगला बोललाही. तात्यांना जरा बरं वाटलं. “येतो” म्हणाला आणि सुटला. उंबऱ्यावरून उडी, पायरीवर पाय नाही. अंगणातल्या दोरीवर तात्यांचा खाकी शर्ट वाळत होता, तो तोंडावर गुंडाळला गेला. पण बाहेर पडताना थांबायचं नसतं. शर्ट दोरीसकट गेला, मागोमाग फाटकाचं दारही लटकलं.

“शिरताना पाव्हणा,” तात्या म्हणाले, “आन् निघताना चोर.”

जालिंदरने पुन्हा कपाळावर हात मारला. ते तिथलं होतं, तू इथे केलंस. मग त्याने पुढचा धडा दिला, कारण शनिवार उजाडला होता आणि हरबाची गाडी ओल्या रस्त्यावर हमखास घसरायची. गाडी ज्या बाजूला घसरते, त्याच बाजूला चाक फिरवायचं. उलट्या बाजूला ओढायला जाशील तर भोवऱ्यासारखी फिरेल. घसरणाऱ्याला घसरू द्यायचं, वर त्याला साथ द्यायची.

हरबा “बरं” म्हणाला.

परत येताना तो तात्यांचा शर्ट द्यायला गेला. शेवंताने नुकतंच अंगण सारवलं होतं. तात्या शर्ट घ्यायला पुढे आले आणि त्यांचा पाय सटकला. डावीकडे म्हशीचा पाण्याचा हौद होता, तात्या तिकडे कलले. तरी त्यांचा हात खांबापर्यंत पोचत होता. ते सावरले असते. पण हरबा मदतीला धावला. त्याने तात्यांचे दोन्ही खांदे चाकासारखे धरले आणि सगळा जोर डावीकडे लावला.

म्हैस पाणी पीत होती. तिने मान वर करून तात्यांकडे बघितलं आणि पुन्हा प्यायला लागली.

हौदातून निघता निघता तात्यांनी सांगून टाकलं की सोयरीक मोडली. हरबाचा चेहरा पडला. त्याला रडूच आलं. आपण तर सांगितल्याप्रमाणे साथ दिली होती. तेव्हा शेवंता पुढे झाली.

“बाबा, तुमची अट शर्यतीची हुती. हौदाची न्हवती.”

तात्या शब्दाचे पक्के. अंगातून पाणी निथळत असताना त्यांनी मान हलवली.

रविवारी सकाळी जालिंदर आपलं एक चाक घेऊन गव्हाळीला आला, टेबलाला बसवलं आणि हरबाला कोपऱ्यात नेऊन शेवटचं सांगितलं. त्याच्या लेखी हे सगळ्यात सोपं होतं. तात्या पुढे गेले की त्यांच्या मागे अगदी चिकटून राहायचं. समोरचा वारा ते अंगावर घेतील, तुला आयती वाट मिळेल. काही झालं तरी त्यांची पाठ सोडायची नाही.

हरबा “बरं” म्हणाला.

तात्यांच्या सोप्यात गल्ली जमली. तात्यांनी चाकाला नमस्कार केला. शर्यत सुरू झाली. तात्या शिस्तीत पुढे निघाले. हरबा खुर्चीतून उठला, तात्यांच्या खुर्चीमागे गेला, त्यांच्या पाठीला छाती चिकटवली आणि खांद्यावर हनुवटी टेकली. तात्यांना आधी वाटलं, मांजर आहे. मग मानेवर श्वास आला. त्यांनी अंग झटकलं. हरबाने पाठ सोडली नाही. तात्या दचकून उजवीकडे झुकले, चाक उजवीकडे गेलं, पुढे घाटाचं वळण होतं आणि कठडा मोडून गाडी कोलांट्या खात दरीत गेली.

उभ्या जन्मात तात्यांची गाडी पहिल्यांदा उलटली होती. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

“बाबा,” शेवंता म्हणाली, “ह्यांची गाडी उलटली का?”

सगळ्यांनी टीव्हीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे बघितलं. हरबाची गाडी सुरुवातीच्या रेघेवर जशीच्या तशी उभी होती.

“उलटंल कशी?” तात्या म्हणाले. “ती हललीच न्हाई.”

“अट उलटायची हुती. हलायची न्हवती.”

तात्यांनी चाकाला पुन्हा एकदा नमस्कार केला. मग म्हणाले, साखर वाटा.

लग्नाची तारीख निघाली. सगळे खूश होते, एकटा जालिंदर सोडून. आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाची गाडी रेघेवरून हलली नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तालुक्यात लोक विचारायचे. त्याच्या दुकानात शर्यत सुरू करायची एक पद्धत होती. कुणी आधीच सुटू नये म्हणून तो टीव्हीवर आडवा पंचा धरायचा, “सावधान” म्हणून ओरडायचा आणि पंचा झटक्यात बाजूला घ्यायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने हरबाला समोर बसवून हे डोक्यात भरवलं. सावधान म्हटलं की कान टवकारायचे. पंचा हटला की सुटायचं. इकडेतिकडे बघायचं नाही. तीन फेऱ्या मारायच्या, कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि जिथून सुटलास तिथेच येऊन थांबायचं.

हरबा “बरं” म्हणाला. रात्रभर त्याने ते घोकलं.

मांडव तात्यांच्या दारात पडला होता. बोहल्यावर एका पाटावर हरबा, समोरच्या पाटावर शेवंता, दोघांच्या हातांत हार आणि मधे भटजींनी धरलेला अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी लोक “सावधान” म्हणायचे आणि अक्षता टाकायचे. पहिल्या “सावधान”ला हरबाने कान टवकारले. दुसऱ्याला धोतर खोचलं. तिसऱ्याला एक पाय मागे घेतला. आईला वाटलं, पोरगं उभं राहून दमलं.

शेवटचं “सावधान” झालं. अंतरपाट हटला. हरबा सुटला.

बोहल्यावरून “सावधान” ऐकून पळाल्याची एक गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे मांडवातल्या जाणत्या माणसांनी लगेच ओळखलं की पोरगं वैरागी झालं. शेवंताची मावशी रडायला लागली. तात्या मात्र रडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि मागे धावले. तात्या धावले म्हणून भटजी धावले, अंतरपाट हातात तसाच. जालिंदरच्या डोक्यात उजेड पडला, तोही धावला. “आरं, ते तिथलं हुतं,” तो ओरडत होता. पण हरबा पुढे होता, आणि मागे बघायचं नव्हतं.

देवळाला वळसा, डेअरीवरून शाळेपर्यंत आणि शाळेवरून पुन्हा मांडव. मुंडावळ्या कानामागे उडत होत्या, हार हातात होता. मांडवात तो परत येताना दिसला तेव्हा मावशीने देवाला हात जोडले. हरबा बोहल्यावर चढला, “एक” म्हणाला आणि पलीकडून उतरून गेला. दुसऱ्या फेरीत तात्यांनी त्याला डेअरीपाशी जवळजवळ धरलं. हरबा लगेच आडवा झाला. तात्या भिंतीला घासून मागे पडले. कुणाला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं.

शेवंता पाटावर उभी होती. हा माणूस आपल्याला टाकून जाईल असं तिला वाटत नव्हतं. पण न वाटण्यावर मांडव थांबत नाही. अर्धी माणसं जेवायला बसली होती.

तिसरी फेरी संपवून हरबा आला, आपल्या पाटावर चढला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.

“झालं का?” शेवंताने विचारलं.

“झालं,” हरबा धापा टाकत म्हणाला. “पयला आलो.”

शेवंताचा जीव भांड्यात पडला. तिने पटकन त्याच्या गळ्यात हार घातला. हरबाला ते रीतसर वाटलं. पहिल्या आलेल्याला हार घालतातच. मांडवाने टाळ्या वाजवल्या. जेवायला बसलेले पानावरून उठून आले, पुन्हा अक्षता वाटल्या गेल्या. तेवढ्यात तात्या फेऱ्या पुऱ्या करून बोहल्यावर येऊन टेकले. त्यांच्यामागून भटजी आले. त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी हाताने खूण केली की आता नवरदेवाने हार घालावा, आणि वाजंत्र्यांना सांगितलं की हार पडला की वाजवा.

हरबाने हार उचलला. शेवंताने मान पुढे केली. हरबा थांबला.

“हिला कसा घालू?” तो भटजींना म्हणाला. “ही जागची हललीसुदिक न्हाई. दुसरं तर तात्या आल्यात.”

आणि त्याने तात्यांच्या गळ्यात हार घातला.

हार पडला म्हणून वाजंत्री वाजली. वाजंत्री वाजली म्हणून लोकांनी अक्षता टाकल्या. लग्न लागलं, ह्यात कुणाला शंका नाही. कुणाचं कुणाशी, यावर मात्र गव्हाळीत अजून एकमत झालेलं नाही.