हरवलेले पाते

यंत्रांना वाचा होती, त्या काळी शिडाच्या एका होडीत इंजिन आणि त्याला समुद्राचे पाणी पुरवून गार ठेवणारा पंप शेजारी राहत. एकदा पंपातल्या रबरी चक्राचे पाते तुटले. तांडेलाने नवे चक्र बसवले.

जुने चक्र जाताना म्हणाले, "इंजिनराव, माझं तुटकं पातं तुमच्या नळीत गेलंय. आवाज करा, म्हणजे तांडेल नळी उघडेल."

"निवृत्तांनी सल्ले देऊ नयेत," इंजिन म्हणाले. नळ्या उघडून घेणे त्याला कमीपणाचे वाटे.

पुढे खडकांपाशी वारा पडला. इंजिन सुरू झाले आणि नळीत पाते आडवे बसले.

"पाणी पाठव, जळतोय मी!"

"पाठवलंय," नवे चक्र म्हणाले. "वाटेत कुणीतरी बसलंय. तुमच्या ओळखीचं असावं."

तांडेलाने वल्ही मारत होडी किनाऱ्याला आणली. तिथे इंजिनाच्या साऱ्या नळ्या उघडल्या गेल्या, त्याही चारचौघांत.