डोहाने दिलेला हंडा

फार पूर्वी, डोह माणसांना भांडी उसनी देत असत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाबाहेर एक काळाभोर डोह होता. त्याचा तळ कोणी पाहिला नव्हता. वारा सुटला की काठावरची झाडे हलायची, गवत हलायचे, पण डोहाचे पाणी कधी हलत नसे.

गावात लग्न असो, बारसे असो की तेरावा असो, घरातला एक जण आदल्या संध्याकाळी डोहावर जायचा. काठावर एक फूल ठेवायचा, कोणते भांडे हवे ते मोठ्याने सांगायचा आणि मागे वळून न पाहता घरी यायचा. सकाळी भांडे काठावर असायचे. घासलेले, लखलखीत आणि आतून ओले. देणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

डोहाची एकच अट होती. मागितलेले भांडे त्याच दिवशी काठापर्यंत भरायचे. जेवणे झाली की ते धुऊन, त्यात घासभर अन्न ठेवून परत करायचे. जे भांडे भरले नाही, ते डोह परत घेत नसे. आणि एक भांडे बाहेर असेपर्यंत दुसऱ्या कोणाला काही देत नसे.

त्या गावात दोन भाऊ राहत. दोघे बांबूच्या टोपल्या विणायचे. थोरल्याला बायको होती आणि एक लहान मुलगी होती. धाकटा त्यांच्याजवळच राहायचा. आईबापांचे चेहरे त्याला आठवत नव्हते. त्याला थोरल्याची पाठ आठवायची, कारण लहानपणी तो तिच्यावरच असायचा. थोरला त्याला बारक्या म्हणायचा. धाकटा मोठा झाला, खांद्यापर्यंत आला, खांद्याच्याही वर गेला, तरी बारक्याच राहिला.

एका वर्षी घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. माल आणणारे बैल लांबच्या वाटेने येऊ लागले. मीठ महाग झाले, मग गूळ, मग तांदूळ. एका बाजाराला जे सूपभर मिळायचे ते पुढच्या बाजाराला ओंजळभर मिळू लागले.

तेव्हा गावात एक विचित्र गोष्ट घडली. धान्य कमी होत गेले आणि लोक डोहाकडे मोठमोठी भांडी मागू लागले. आपल्याला महागाई बोचते आहे, हे कोणाला दिसू द्यायचे नव्हते. एकाने पातेले मागितले की दुसरा हंडा मागायचा. डोह सगळ्यांना देत होता. मग तो हंडा भरण्यासाठी कोणी बैल विकायचा, कोणी दाराच्या चौकटी.

थोरल्याने मुलीच्या बारशाला एक तपेली मागितली.

शेजारी हसत म्हणाला, "काय रे, तपेलीत भात शिजवणार की पोरगी निजवणार?"

"भात," थोरला म्हणाला. "पोरगी पाळण्यात मावते माझी."

सगळे हसले, पण धाकट्याचे कान लाल झाले. घरी आल्यावर तो म्हणाला, "दादा, मागायला काय पैसे पडतात का? डोह देतोय तर मोठं माग ना!"

"भांडं डोह देतो रे बारक्या," थोरला म्हणाला. "भरायचं आपल्याला असतं."

पुढे थंडीच्या दिवसांत थोरल्याला ताप आला. सकाळी त्याने एका टोपलीचा काठ वळायला घेतला होता. अंगात कणकण आहे म्हणून तो जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. टोपली ओसरीवर तशीच राहिली, बांबूच्या उभ्या काड्या वर केलेली. त्या काड्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

तेरावा उद्यावर आला. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, तपेली मागा. त्यांना तेवढी पुरायची."

धाकटा ताडकन उठला. "माझ्या दादाचा तेरावा तपेलीत? लोक काय म्हणतील? केवढा माणूस गेलाय, ते दिसू दे की गावाला!"

तो तसाच पळत डोहावर गेला. फूल ठेवायचे भान त्याला राहिले नाही. काठावर उभे राहून तो ओरडला, "तुझ्याकडे सगळ्यात मोठं असेल ते दे! आजवर कोणाला दिलं नसशील एवढं मोठं दे!"

पाणी हलले नाही. धाकटा डोळे पुसत घरी आला.

सकाळी सगळे गाव डोहाकडे धावले. काठावर हंडा होता. तांब्याचा होता, आणि वडाच्या झाडाहून उंच होता. सूर्य अजून डोंगराआड होता, पण हंड्याच्या काठावर ऊन पडले होते आणि त्याचा तांबूस उजेड खाली माणसांच्या तोंडावर सांडत होता. पाखरे गप्प होती. बायकांनी डोक्यावरून पदर घेतला. पुरुषांनी वहाणा काढल्या. हंड्याला हात लावला की तो आतल्या आत हळू गुणगुणायचा, एखादे फार मोठे जनावर झोपेत श्वास घेते तसा.

शेजारीसुद्धा हात जोडून उभा होता. "भाऊ असावा तर असा," तो कुजबुजला.

धाकट्याची छाती भरून आली. आणि मग त्याला आठवले की हा भरायचा आहे.

तो घरी धावला. दारात वहिनीची दुभती शेळी बांधलेली होती. तिच्या दुधावर घरातली लहान पोर वाढत होती. धाकट्याने कोणाला विचारले नाही. शेळी सोडली आणि वाण्याच्या दारात नेली. वाण्याने शेळी पाहिली आणि एक सूप तांदूळ दिले.

"एवढेच?" धाकटा म्हणाला.

"घाट उघडा असता तर पोतं दिलं असतं," वाणी म्हणाला. "भाव मी ठरवतो होय? माझ्याही घरी चूल आहे, बाबा."

धाकट्याने बांबूची लांब शिडी हंड्याला लावली, सूप घेऊन वर चढला आणि तांदूळ आत ओतले. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग खूप खालून, वाळक्या पानांवर थेंब पडावेत तसा आवाज आला.

खाली लोक जमू लागले होते. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. "लेकरा, भरेल ना रे आज? माझ्या नातीचं लग्न आलंय. तुझा हंडा परत गेला तर आम्हाला भांडं मिळायचं."

"भरेल, आजी," धाकटा म्हणाला.

तो पुन्हा वाण्याकडे गेला. वाणी विचार करून म्हणाला, "तुमच्या घरामागं बांबूचं बेट आहे. ते सगळं तोडून दे. अगदी बुडापासून. घाटाच्या अलीकडच्या गावांतून गाड्या मागवतो आणि संध्याकाळच्या आत हंडा भरून देतो."

ते बेट थोरल्याने लावले होते आणि त्यावरच घर चालायचे. धाकट्याने कोयता घेतला आणि परसात गेला. खाली वाकला, तो त्याला नवे कोंब दिसले. तपकिरी सालीत गुंडाळलेले, हाताच्या अंगठ्याएवढे. प्रत्येक कोंबाभोवती थोरल्याने लहान लहान दगडांचे कडे केले होते, कोणाचा पाय पडू नये म्हणून. थोरला नेहमी जुने बांबू तोडायचा, तेही लागतील तेवढेच. कोंबांना त्याने कधी कोयता लावू दिला नव्हता.

धाकट्याने कोयता उचलला, खाली केला आणि पुन्हा उचलला. मग त्याला स्वतःचाच राग आला, थोरल्याचा राग आला, त्या दगडांचा राग आला. कोयता तिथेच टाकून तो पळत सुटला, शिडीवरून वर चढला आणि हंड्याच्या काठावर पाय आत सोडून बसला.

आत वाकून त्याने हाक मारली, "दादा!"

हंड्याने हाक घेतली. ती तळाशी गेली, भिंतींवरून फिरली, शंभर आवाज घेऊन वर आली. "दादा... दादा... दादा..." सगळा डोंगर थोरल्याला हाक मारतो आहे असे वाटले. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर काटा आला. धाकट्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. तो थांबून ऐकत राहिला. हंड्यातून त्याचीच हाक परत येत होती. 'बारक्या' असे कोणी म्हणाले नाही.

धाकटा खूप वेळ रडला. डोळे पुसून त्याने आत पाहिले, तेव्हा ऊन सरळ हंड्यात उतरले होते. तळाशी तांदूळ होते. वहिनीची शेळी, पोरीचे दूध, घरात होते नव्हते ते सगळे तिथे होते, आणि ते एखाद्या पाखराने सांडून ठेवल्यासारखे दिसत होते. मुंग्यांनाही पुरणार नाही एवढेसे.

धाकटा थिजला. दादासाठी त्याने जे आणले होते, ते एवढ्या मोठ्या हंड्यात दिसतच नव्हते. बेट तोडून आणखी ओतले असते, तरी लोकांनी हंडाच पाहिला असता. दादाला कोणीच पाहिले नसते.

त्याने खाली पाहिले. सगळे गाव मान वर करून उभे होते. शेजारी, वाणी, म्हातारी. वहिनी पोरीला कडेवर घेऊन उभी होती, आणि तिच्या हातात शेळीची रिकामी दोरी होती. ती रागावली नव्हती. फक्त दोरी गुंडाळत होती.

हाक मारणे सोपे होते. आता जे बोलायचे होते ते फार अवघड होते. शेवटी त्याने डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला,

"मला हा हंडा भरता येत नाही! आमच्याकडे एवढं नाही! एक सूप तांदूळ आहेत, तेवढेच आहेत!"

हंड्याने हे शब्दही घेतले. पण ते परत आले नाहीत.

आधी गुणगुण थांबली. मग धाकट्याच्या खालचा काठ हळूच हलला. हंडा लहान होऊ लागला. तांबे कुरकुरले नाही, जमीन हादरली नाही. चंद्र कमी कमी होत जातो तसा तो हंडा उतरत होता, फक्त डोळ्यांदेखत. वडाच्या शेंड्याहून वडाच्या फांदीपर्यंत आला, फांदीहून घराच्या छपरापर्यंत. शिडी निसटून पडली, पण धाकटा पडला नाही. काठ त्याला घेऊन खाली येत राहिला, आई कडेवरच्या पोराला जपून जमिनीवर ठेवते तसा. त्याचे पाय गवताला लागले. त्याच्या समोर एक तपेली होती.

थोरल्याने बारशाला आणली होती तेवढीच.

धाकट्याने वाकून आत पाहिले. तेच तांदूळ, तेवढेच दाणे. पण आता तपेली तिसऱ्या हिश्शापर्यंत भरलेली होती.

"एवढीच?" शेजारी दबक्या आवाजात म्हणाला.

"अरे मेल्या, भात फुगतो की नाही?" म्हातारी त्याच्यावर खेकसली. "तेवढी जागा ठेवलीय त्यानं. डोहाला कळतं, तुला कळत नाही!"

वहिनीने तिथेच तीन दगडांची चूल मांडली. कनवटीला बांधून ठेवलेला गुळाचा खडा काढून तिने आधणात टाकला. भात शिजला, वर आला, आणखी वर आला, आणि बरोबर काठाला टेकून थांबला. एक शीतही बाहेर सांडले नाही.

गावातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक घास पडला. काही जण नाक मुरडून गेले. "तेराव्याला घासभर भात, शोभतं का हे?" असेही कोणी म्हणाले, आणि धाकट्याने ते ऐकून घेतले. पण बाकीचे तिथेच बसून राहिले. ते थोरल्याविषयी बोलू लागले. कोणाची उसवलेली टोपली त्याने फुकट सांधून दिली होती, कोणाला त्याने नदीच्या पुरातून ओढून काढले होते. धाकट्याला यातले काहीच माहीत नव्हते. तो तोंड उघडे टाकून ऐकत राहिला. केवढा माणूस गेला, ते गावाला दिसत होते.

दिवस मावळताना त्याने तपेली धुतली, तळाशी एक घास ठेवला, शेजारी एक फूल ठेवले आणि तो वळला. त्याच्या पाठीमागे पाणी हलल्याचा आवाज आला. त्या डोहाचे पाणी हललेले कोणी कधी ऐकले नव्हते. त्याला फार फार वाटले की मागे वळून पाहावे. पण तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने नातीच्या लग्नासाठी एक बेताचे पातेले मागितले आणि ते तिला मिळाले. शेळी काही परत आली नाही. त्या वर्षी पोरीला पेजेवर राहावे लागले, आणि ती पेज धाकटा स्वतः करायचा. पावसाळ्यात कोंब वाढून त्याच्या डोक्यावर गेले. तेव्हा एकदा त्याने ओसरीवरची अर्धी टोपली मांडीवर घेतली आणि तिचा काठ पुरा केला. अर्धा काठ थोरल्याच्या हातचा सरळ होता, अर्धा त्याच्या हातचा वाकडा झाला. वहिनीने ती टोपली विकली नाही. घरात जेवढे धान्य येई, ते आधी त्या टोपलीत घालून पाहायचे आणि मगच चूल पेटवायची, अशी त्या घरची रीत पडली.

तात्पर्य: मोठे भांडे मागणे सोपे असते, पण ते भरताना घर रिकामे होते. आपल्याजवळ जेवढे आहे तेवढ्याच मापाचे भांडे घ्यावे. त्यात थोडेही काठोकाठ भरते, आणि ज्याच्यासाठी आपण ते भरले तो माणूसही दिसतो.