महाराजांचा सरळ रस्ता

नांदूरगडच्या भैरवसेन महाराजांनी हुकूम सोडला, की पाडव्यापासून सगळ्या गावानं रोज सकाळी राजबागेत फिरायचं, पण हिरवळीचं एक पातं मोडता कामा नये. मोडलं, किंवा गाव आलंच नाही, तर सखोबा माळ्यानं बागेतली झोपडी सोडून चालू लागावं. म्हणजे निदान एक माणूस तरी चालेल, असा महाराजांचा विचार असावा.

हे खूळ निघालं जत्रेतून. रस्सीखेचीत शेजारच्या गावानं नांदूरगडचे गडी फरफटत नेले. राजवैद्यांनी निदान केलं की प्रजा बसून बसून सुटली आहे. महाराजांनी हे पालखीत बसून ऐकलं आणि फार हळहळले. खाली चार भोई घाम पुसत उभे होते.

मग प्रजेसाठी बाग झाली. राजवाड्याच्या दारापासून कारंज्यापर्यंत फरशीचा सरळसोट रस्ता, त्यावर सावली औषधालाही नाही, कारण झाडांनी कारंजं झाकलं असतं. दोन्ही बाजूंना हिरवळ, आणि तिच्यावर पाय पडला की खेकसायला आठ पहारेकरी. गावाला जायचं होतं आंब्यांच्या सावलीनं नदीकडे, आणि नेमका तिकडे रस्ताच नव्हता. लोकांनी दोन दिवस शिव्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी बसले. महाराज म्हणाले, प्रजा आळशी आहे, आणि तो पाडव्याचा हुकूम सुटला.

सखोबा भांडीकुंडी बांधायला लागला. त्याच्या लेकीचा, गिरजाचा, जीव तुटला. याच झोपडीत ती जन्मली होती, आणि दारातली जाई तिच्या आईनं लावलेली होती. आईची तेवढीच खूण उरली होती. तिनं बापाला राजवाड्यात पाठवलं. पाडव्याला महिना आहे, तोवर पहारेकऱ्यांना रजा द्या, एवढंच मागून घ्या म्हणाली. महाराजांनी हसत हसत दिली.

खेकसणारं कुणी नाही म्हटल्यावर गाव लोटलं. म्हातारे आले, घागरी घेऊन बायका आल्या, आणि सगळे आपल्या सोयीनं तुडवत गेले. गिरजा हनुवटीला हात लावून दारात बसायची आणि नुसती बघायची. पोरीचं डोकं फिरलं, असं सखोबाला वाटलं. पाडव्याला दहा दिवस राहिले आणि महाराज पाडव्याच्या आदल्या रात्रीपर्यंत शिकारीला गेले, तेव्हा तिनं पदर खोचला, कुंभारवाड्यातल्या बाया जमवल्या आणि कुदळी चालायला लागल्या.

पाडव्याला पालखी निघाली ती राजवाड्याच्या दारातच थबकली. समोर रस्ताच नव्हता, लांबच लांब हिरवीगार पट्टी होती. आणि पलीकडे आंब्यांखालून, नदीकडे वळत गेलेल्या फरशीवर सगळं गाव गप्पा मारत फिरत होतं.

"माझा रस्ता कुठं गेला?" महाराज गरजले.

गिरजानं मुजरा केला. "जिथं माणसं चालतात तिथं गेला, महाराज. दगड मोजून घ्या, एकही कमी नाही."

"आणि त्याच्या जागी हे गवत?"

"तुडवलेल्या वाटांवरचं मुळासकट उचलून लावलं. हरळी चिवट, पाणी दिलं की उठते. पातं मोडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून गावातलं कुणी पाय ठेवत नाही अशी जागा सगळ्या बागेत शोधली. महाराजांच्या रस्त्याइतकी निर्धोक जागा दुसरी सापडली नाही."

सखोबानं डोळे मिटून घेतले.

"या रस्त्यानं मी रोज जातो," महाराज म्हणाले.

"जाता खरे, पण पाय या चौघांचे." गिरजानं भोयांकडे बोट केलं. "आता पालखी पुढं आली तर पाती मोडतील. हुकूम महाराजांचा आहे, मोडायचा की नाही ते महाराजांनीच ठरवावं."

महाराजांनी गवताकडे पाहिलं, भोयांकडे पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की पोटाबरोबर पालखीही हलायला लागली. हसतच ते खाली उतरले. झोपडी सखोबाला कायमची दिली, आणि इथून पुढं राज्यात बाग कुठलीही असो, रस्ता गिरजाला विचारून आखायचा, असं तिथल्या तिथं जाहीर केलं. मग वळणाच्या वाटेनं चालत निघाले आणि दुसऱ्या आंब्याखाली धापा टाकत बसले.

भोई मात्र त्या दिवसापासून गिरजा दिसली की वाकून रामराम करायचे.