हेमकळेचा अंतरपाट

ऐका गं पोरींनो, पाय पांघरुणात घ्या. एका राजाला एकच लेक होती, हेमकळा. राजाने भर दरबारात विचारलं, "बाळ, नवरा कसा हवा?"

ती म्हणाली, "रूप नको, राज्य नको. माझं नीट ऐकून घेणारा हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हिलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं, बरं का. मग गावोगाव तशी दवंडी पिटली.

त्यांच्या घराण्यात एक जादूचा अंतरपाट होता. तो कुणी धरायचा नाही, आपला आपण हवेत उभा राहायचा. पलीकडचा मुलगा मुलीच्या मनात भरला, की आपोआप गळून पडायचा.

आधी एक शास्त्री आला. त्याने हेमकळेचं सगळं ऐकून घेतलं. अंतरपाट हलला नाही. मग भानू वैद्य आला, आठ दिवस चालत. हेमकळा आपल्या मेलेल्या हरणाबद्दल बोलली, तर पलीकडून त्याचं मुसमुसणं ऐकू आलं. "हाच तो," ती म्हणाली. पण अंतरपाट ढिम्म.

मग आला एक राजपुत्र. सगळ्यांसारखंच यालाही तिने सज्जातून येताना पाहिलं होतं, गोरापान, रुबाबदार. तो आपल्या घोड्यांबद्दलच बोलत सुटला, हिला एक शब्द बोलू देईना. आणि अंतरपाट सळकन खाली पडला.

हेमकळेला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. राजपुत्राकडे न बघताच ती अनवाणी धावली. गावी परत निघालेला भानू वेशीपाशी पोचला होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "चारचौघांत शोभेल तेवढंच बोलले. तुम्हाला उगाच चालवलं."

तो म्हणाला, "चालण्याचं काही नाही, ताईसाहेब. पण मी गावात सगळ्यांना सांगून आलो होतो, की राजकन्येला माझ्यासारखाच हवा आहे."

हे ऐकून ती तिथेच खाली बसली आणि रडली. मग तिने दुसरी दवंडी पिटवली, सगळ्यांत आधी भानूच्या गावात. "राजकन्येला देखणा नवरा हवा होता. तिने खोटं सांगितलं. आलेल्यांचा काही दोष नाही." लोक हसले, तिला हसले. भानूला कुणी हसलं नाही.

पुढे भानूला चांगली बायको मिळाली. हेमकळेलाही नवरा मिळाला, देखणा. ऐकून घ्यायला त्याला तिने हळूहळू शिकवलं. सगळे सुखाने नांदले. फक्त कुणी तिला "किती साध्या मनाची" म्हटलं, की ती मान खाली घालून आत निघून जायची.

झोपा आता. डोळे मिटा.